आयत्या वेळच्या विषयात पाडलेली इमारत

प्रति,
मा. अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि सन्माननीय संचालक मंडळ,
आपली नागरी सहकारी बँक,
मुख्य कार्यालय, जुनी पेठ.

विषय : मुख्य कार्यालयाची जुनी दगडी इमारत पाडण्याच्या ठरावाबाबत.

अध्यक्षमहोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात जिल्ह्याच्या दैनिकात बँकेची जाहीर निविदा वाचली. 'मुख्य कार्यालयाची जुनी इमारत पाडून राडारोडा वाहून नेणे.' निघणाऱ्या सागवानाची आणि घडीव दगडाची किंमत वजा जाता दर द्यावेत, अशीही एक ओळ खाली होती. म्हणजे मालाला किंमत आहे हे बँकेला ठाऊक आहे. तोच माल जागेवर उभा असताना मात्र त्याची किंमत शून्य धरली जाते. हे वाचून गप्प बसणे मला जमले नाही, म्हणून हे पत्र आपल्या टेबलावर ठेवतानाच सर्वांसमोरही ठेवतो आहे.

बँकेचे आणि गावाचे नाव मुद्दामच घातलेले नाही. गावात कोणाला सांगायची गरज नाही, आणि बाहेरच्या वाचकांना आपापल्या तालुक्याची एखादी बँक आठवेलच. माझे भांडण कोणा संचालकाशी नाही. निम्मे संचालक तर माझ्या डोळ्यांसमोर लहानाचे मोठे झाले. भांडण आहे ते ठरावाशी.

माझा संबंध काय, तेही सांगून टाकतो. मी बँकेचा सभासद आहे. वडील आडत दुकानात दिवाणजी होते. पगारातून पैसे बाजूला टाकून त्यांनी शेअर घेतला, तो वारसाने माझ्या नावावर आला. नोकरी सार्वजनिक बांधकाम खात्यात केली, शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. जुने ते सोने असे मी मानत नाही. कित्येक शाळाखोल्या, चावड्या आणि कर्मचारी निवासस्थाने 'निर्लेखित करावीत', म्हणजे वापरातून काढून पाडावीत, अशा अहवालांवर माझ्याच सह्या आहेत आणि त्यांतल्या एकाही इमारतीची मला हळहळ वाटत नाही. तेव्हा 'म्हाताऱ्याला आठवणी काढायची हौस' असे म्हणून हे पत्र बाजूला सारू नये, एवढी विनंती.

ही इमारत अशी का बांधली, हे आधी सांगायला हवे. कारण ज्या वार्षिक सभेत हा ठराव झाला, तिथे एका तरुण संचालकांनी विचारले, "एवढ्या जाड भिंती बँकेला लागतातच कशाला?" प्रश्न चांगला होता. उत्तर कोणी दिले नाही.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखते जाळली. पुढे १८७९ चा शेतकरी संरक्षणाचा कायदा आला. त्याने सावकाराचा हात थोडा धरला, पण शेतकऱ्याला पैसा दुसरीकडून मिळण्याची सोय काही झाली नाही. १८८९ मध्ये बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर आणि त्यांच्या सोबत्यांनी 'अन्योन्य सहायकारी मंडळी' काढली. तेव्हा तर देशात सहकाराचा कायदाही नव्हता. तो १९०४ साली आला आणि १९१२ मध्ये अधिक रुंद झाला. मग आपल्याकडे कृष्णाकाठी, पेठापेठांत, संस्थानांत आणि खालसा मुलखात पतपेढ्या आणि बँका उभ्या राहिल्या. सांगली बँक १९१६ ची, साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न १९३६ ची. त्या सहकारी नव्हत्या. पण गावातलाच पैसा गावातल्या धंद्याला, ही धारणा तीच होती. आपली बँक याच पिढीतली.

आता त्या काळच्या ठेवीदाराच्या जागी उभे राहून पाहा. १९१३ मध्ये मुंबईची इंडियन स्पेसी बँक बुडाली होती, तिच्या आगेमागे आणखी काही बँका गेल्या होत्या, आणि त्या बातम्या आठवडी बाजारापर्यंत पोहोचल्या होत्या. ठेवीला विमा नव्हता. तो आला १ जानेवारी १९६२ पासून, आणि तोही १९६० मध्ये केरळची पलाई सेंट्रल बँक व आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाल्यावर. सुरुवातीला संरक्षण होते ठेवीदारामागे दीड हजार रुपयांचे. आज ते पाच लाखांचे आहे. त्याआधी बाजारकऱ्याला, विधवेला, हमालाला काय बघून पैसे ठेवायचे होते? ताळेबंद वाचता येत नव्हता. दिसत होती ती फक्त इमारत. काळ्या घडीव दगडाची, दोन फूट भिंतींची, कमरेएवढ्या जोत्यावरची. आत पाऊल टाकले की समोर स्ट्राँग रूमचे पोलादी दार, मुद्दाम सगळ्यांना दिसेल असे. आजच्या बँका तिजोरी आत लपवतात. आपली बँक बांधणाऱ्यांनी ती दाखवण्यासाठी दिवाणखान्यासारखा हॉल बांधला. त्या भिंती चोरासाठी जेवढ्या जाड होत्या, त्याहून अधिक ठेवीदारासाठी होत्या.

रोखपालाच्या खिडकीखाली सागवानी काउंटरच्या फळीत एक उथळ खळगा आहे. नाणी सरकवून सरकवून पडलेला. पॉलिश कितीदा झाले तरी तो भरून आला नाही. लहानपणी वडिलांबरोबर जायचो तेव्हा पितळी टोकन हातात धरून मी त्या खळग्यात बोट फिरवत बसायचो. संचालकांनी एकदा खाली येऊन तो पाहावा. निविदेतल्या 'निघणाऱ्या सागवानात' तोही येतो.

सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये विलीन झाली, युनायटेड वेस्टर्न २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये. ती नावे पाट्यांवरून गेली. आपली बँक अजून स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या जागेत उभी आहे, ही साधी गोष्ट नाही. याचे श्रेय आधीच्या संचालकांना आहे, आणि आपल्यालाही आहे. ते मी नाकारत नाही.

आता आक्षेप.

पहिला आक्षेप ठराव ज्या रीतीने झाला त्याला. वार्षिक सभेच्या नोटिशीत या विषयाचा शब्दही नव्हता. अहवाल वाचून झाला, नफा विभागणी झाली, लाभांश जाहीर झाला, लेखापरीक्षकांची नेमणूक झाली. मंडपाच्या मागे पंगतीची भांडी वाजू लागली, निम्मे सभासद चपला शोधू लागले, आणि तेव्हा 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' सुरू झाले. एका दमात ठराव वाचला गेला, पडद्यावर काही पाने आणि चित्रे दाखवली गेली, पुढच्या दोन रांगांतून 'मंजूर, मंजूर' आले आणि आभारप्रदर्शन सुरू झाले. मी हात वर केला होता. सूत्रसंचालकांनी हसून 'काका, जेवताना बोलू' म्हटले. वर्षभराच्या चहापाण्याच्या खर्चावर या सभेत अर्धा तास वाद होतो. बँकेच्या सर्वांत जुन्या मालमत्तेवर दोन मिनिटेही नाहीत? आयत्या वेळचा विषय म्हणजे जो आधी सुचणे शक्यच नव्हते असा. ही इमारत काही आदल्या रात्री पेठेत येऊन उभी राहिलेली नाही.

दुसरा आक्षेप स्ट्रक्चरल ऑडिटला, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीला. अहवाल सभासदांना दिलेला नाही. सभेत पडद्यावर दोन पाने दाखवली. त्यांत 'रिबाउंड हॅमर चाचणीत भिंतींची ताकद अपुरी आढळली' असे वाक्य होते. मी ते दोनदा वाचले. रिबाउंड हॅमर हे काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कठीणपणा अजमावण्याचे साधन आहे. चुन्यात बांधलेल्या दगडी भिंतीवर ते आपटून काय कळणार? दगडावर पडले तर आकडा भलताच चांगला, दर्जावर, म्हणजे दगडांच्या सांध्यातल्या चुन्यावर, पडले तर भलताच वाईट, आणि दोन्ही निरर्थक. अशा भिंतीला फ्लॅट जॅकची चाचणी करतात, म्हणजे सांध्यात चपटा जॅक बसवून भिंतीवरचा दाब मोजतात, दर्जातला चुना काढून प्रयोगशाळेत पाहतात, तुळयांची आणि कैच्यांची, म्हणजे छपराच्या त्रिकोणी लाकडी सांगाड्यांची, टोके भिंतीत जिथे शिरतात तिथे बारीक छिद्र पाडून लाकूड किती पोकळ झाले ते पाहतात. यांतले काही केले असल्यास अहवालात असेल. मग तो अहवाल दाखवायला अडचण कोणती?

पूर्वेच्या भिंतीतली भेग पडद्यावर फार मोठी करून दाखवली गेली. ती भेग मला जुनीच माहीत आहे. आमच्या खात्यात एक स्वस्त पद्धत होती : भेगेवर आडवी काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवायची आणि तिच्यावर तारीख टाकायची. भेग हलली की काच तडकते. मे महिन्यात शाखाधिकाऱ्यांना विचारून मी अशा पट्ट्या लावल्या. पावसाळा गेला, दिवाळी झाली, काच शाबूत आहे. एका पावसाळ्याच्या काचेवरून इमारत ठणठणीत आहे असा दाखला मी देणार नाही. पण जी भेग हलत नाही तिच्या नावावर अख्खी इमारत पाडायची असेल तर आधी ती निदान मोजा तरी.

तिसरा मुद्दा छोटा आहे. सभेत सांगितले गेले की इमारत 'सी-१' वर्गात बसते. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांपासून धोकादायक इमारतींचे हे वर्ग राज्यात अनेक ठिकाणी वापरतात. सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, ताबडतोब रिकामी करून पाडण्याजोगी. सी-२ए म्हणजे अंशतः रिकामी करून दुरुस्ती, सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. इमारत खरोखर सी-१ असेल तर लॉकर विभाग आणि वसुली विभाग आजही तिच्यातच कसा चालतो? कर्मचाऱ्यांच्या डोक्यावर छत कोसळेल असे आपल्याला वाटत असेल तर ते आज दुपारी बाहेर हवेत. वाटत नसेल तर इमारत सी-१ नाही. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही.

चौथा आक्षेप सर्वांत मोठा आहे, कारण इथे दोष वयाचा नाही, दुर्लक्षाचा आहे.

छपरापासून सुरुवात करतो. मंगलोरी कौले फुटली की ती बदलायची असतात. इथे त्यांच्यावर निळी ताडपत्री आली आणि तीच पुढची कित्येक वर्षे राहिली. मागच्या बाजूची पन्हळ जनरेटरची शेड बांधताना कापली गेली, तेव्हापासून त्या बाजूचे सगळे पाणी सरळ भिंतीवर उतरते. वातानुकूलन यंत्रे बसवली, त्यांच्या पाण्याच्या नळ्या बाहेर काढून भिंतीलाच टेकवून सोडल्या. वरच्या कठड्यावर पिंपळाचे रोप आले, ते दरवर्षी कोणीतरी कोयत्याने वरून कापतो, आणि मूळ दगडांच्या सांध्यात अधिक खोल जाते. पिंपळ कापून मरत नाही हे गवंड्याच्या पोरालाही माहीत असते.

आणि मग नूतनीकरण. आतला चुन्याचा गिलावा खरवडून काढला आणि जोत्यापासून खिडकीपर्यंत सिमेंटचा गिलावा मारला, त्यावर चकचकीत ऑइल पेंट. यामुळे जेवढे नुकसान झाले तेवढे आधीच्या साऱ्या पावसाळ्यांनी केले नसेल. चुन्याची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि तोंडाने बाहेर सोडते. तिचे काम असेच चालते. सिमेंट आणि ऑइल पेंटने तोंड बंद केले की ओल वर चढत जाते, क्षार बाहेर फुटतात, लोणा लागतो, रंगाचे पापुद्रे सुटतात. मग आपण म्हणतो, 'बघा, भिंत सडली.' मॅनेजरच्या केबिनमागे हात लावून बघा : सिमेंटचा गिलावा संपतो तिथून वरच्या हातभर पट्ट्यात पांढरी भुकटी बोटाला लागते, आणि त्याच्याही वर, जिथे जुना चुना शिल्लक आहे, तिथे भिंत कोरडी आहे. रोग कुठे आहे आणि कशाने झाला, हे ती भिंत स्वतःच सांगते.

कैच्यांपैकी मागच्या बाजूच्या काहींची टोके वाळवीने खाल्ली आहेत, हे मला मान्य आहे. ती बदलावी लागतील. कुजलेला तुकडा कापून नवे सागवान सांधायचे असते, पूर्ण कैची फेकायची नसते. मागे जोडलेले सत्तरच्या दशकातले आरसीसीचे दोन खण खरेच वाईट अवस्थेत आहेत, सळ्या गंजून काँक्रीट सुटले आहे. ते पाडा. त्याला माझा पाठिंबा आहे, आणि गरज पडली तर लेखी देतो. गंमत अशी की रिबाउंड हॅमर तिथे चालला असता.

पाचवा आक्षेप या जागी उभारायच्या नव्या संकुलाला. पडद्यावर जे चित्र दाखवले त्यात तळघरात पार्किंग, तळमजल्यावर बँक आणि वर दोन मजले व्यापारी गाळे आहेत. गाव नदीकाठी. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर आपण सर्वांनी पाहिले. ऑगस्ट २०१९ मध्ये पेठेतल्या नव्या इमारतींची तळघरे भरून मोटारी तरंगत होत्या. बँकेत पाणी वरच्या पायरीपर्यंत आले आणि हॉलची फरशी कोरडी राहिली, कारण ते जोते ज्यांनी घातले त्यांना नदी माहीत होती. त्या जोत्याच्या जागी आपण खड्डा खणणार? पाटबंधारे खात्याची निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आपला भूखंड कोणत्या रेषेच्या आत येतो आणि तळघराला परवानगी कोण देणार, हे सभेत कोणी सांगितले नाही.

गाळ्यांचेही तसेच. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ९ प्रमाणे स्वतःच्या वापरासाठी नसलेली स्थावर मालमत्ता बँकेला सात वर्षांपेक्षा अधिक काळ ठेवता येत नाही. मग वरचे दोन मजले नेमके कोणाच्या वापरासाठी? रिझर्व्ह बँकेला विचारले आहे का? विचारले असेल तर उत्तर काय आले? गाळे बांधायचे, ते कोणाला मिळणार हे आधीच ठरलेले असायचे, आणि बँकेने फक्त पैसा घालायचा, अशी कुजबुज पेठेत आहे. ती खोटी असावी अशी माझी इच्छा आहे. ती खोटी ठरवायचा मार्ग आपल्याच हातात आहे.

सहावा आक्षेप कागदांना. माळ्यावरच्या जुन्या खतावण्या रद्दीत गेल्या. त्यांतल्या काही मोडी लिपीत होत्या. बँकांच्या दप्तर जतनाच्या नियमांत जुने दप्तर ठरावीक वर्षांनंतर नष्ट करता येते, त्यामुळे यात बेकायदा काही नसेल. पण गावात कोणत्या वर्षी गुळाला उचल मिळाली, दुष्काळात कोणाचे कर्ज थकले, कोणत्या विणकराने माग घेतला, हे दुसरीकडे कुठेही लिहिलेले नव्हते. कोल्हापूरच्या पुराभिलेखागाराला किंवा शिवाजी विद्यापीठाला एक पत्र टाकले असते तर कोणीतरी येऊन बघितले असते. कोनशिलेची गोष्ट तर सांगायलाच नको. तिच्या पुढ्यात एटीएमची केबिन उभी आहे. अक्षरे वाचायची तर केबिनच्या मागे आडवे घुसावे लागते.

'जुन्या इमारतीत आजची बँक चालत नाही', हे आपले मुख्य म्हणणे. संगणकाच्या वायरी, सर्व्हर, अपंगांसाठी उतार, अग्निशमन, या गरजा खऱ्या आहेत आणि त्या सोडवता येतात. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या ओवाटोना या शेतकरी गावात १९०८ साली एक नॅशनल फार्मर्स बँक उघडली. शिकागोच्या उंच इमारतींसाठी गाजलेल्या लुई सलिव्हनने ती बांधली. १९४० च्या सुमारास तिथल्या लोकांनीही 'आधुनिक' करायच्या नादात आतले बरेच मोडले, आणि पुढे पन्नासच्या दशकात खर्च करून ती निगुतीने सावरली. शंभरी उलटल्यावरही तिथे बँकच चालत होती. गाव आपल्यासारखेच, दूधदुभते आणि शेतीवर जगणारे.

आणि उलट उदाहरण हवे असेल तर कोलकात्याला जा. डलहौसी चौकातली करन्सी बिल्डिंग १८३३ ची. आधी तिथे आग्रा बँक होती, १८६८ पासून सरकारचे चलन कार्यालय. नव्वदच्या दशकात केंद्रीय बांधकाम खात्याने ती पाडायला घेतली. मधल्या दालनावरचे घुमट उतरल्यावर विरोध झाला, काम थांबले, पुढे ती पुरातत्त्व खात्याकडे गेली. दुरुस्त होऊन जानेवारी २०२० मध्ये लोकांसाठी खुली झाली. आज तिथे प्रदर्शने भरतात. पण घुमट होते तिथे आता उघडे आकाश आहे. पाडकाम थांबवता येते, पडलेले मात्र परत येत नाही. निविदा उघडण्याआधी हे पत्र लिहिण्याचे कारण तेच.

खर्चाचा प्रश्न उरतो. दुरुस्तीला किती आणि नव्याला किती, हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून बँकेने एकदाही दाखवलेले नाहीत. मीही अंदाजाने आकडा फेकणार नाही. मोजमाप न करता आकडा सांगणारा अभियंता आणि विषयपत्रिकेत नसलेला ठराव मांडणारे संचालक, यांत मग फरक राहणार नाही. तुलना करायची तर ती नीट व्हावी : त्यात सुट्या सागवानाची किंमत जशी धरता तशीच उभ्या दगडाचीही धरा, आणि बांधकामाच्या काळात बँक भाड्याच्या जागेत न्यायची तर ते भाडे आणि स्ट्राँग रूम हलवण्याचा खर्चही धरा.

आता मागण्या. त्या जास्त नाहीत.

पाडकामाची निविदा पुढील निर्णयापर्यंत स्थगित करावी आणि तशी सूचना ज्या दैनिकात निविदा छापली त्याच दैनिकात द्यावी.

स्ट्रक्चरल ऑडिटचा पूर्ण अहवाल परिशिष्टांसह सभासदांना पाहण्यासाठी खुला करावा. सर्वसाधारण सभेचे आणि संचालक मंडळाच्या सभांचे इतिवृत्त पाहण्याचा हक्क महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ३२ ने सभासदाला दिलेलाच आहे. त्यासाठी मी रीतसर अर्ज दिला आहे, त्याचे उत्तर यावे.

चुना, दगड आणि लाकडाच्या जुन्या बांधकामाचा अनुभव असलेल्या संवर्धन वास्तुविशारदाकडून दुसरा अहवाल घ्यावा. त्यात दुरुस्तीचा टप्प्याटप्प्याचा अंदाज असावा. हा अहवाल घेण्याचा खर्च बँकेला जड वाटत असेल तर आम्ही काही सभासद वर्गणी काढायला तयार आहोत.

तोवर चार कामे थांबू नयेत, कारण त्यांना कोणत्याही अहवालाची गरज नाही : फुटकी कौले बदलणे, मागची पन्हळ पुन्हा जोडणे, एसीच्या नळ्या भिंतीपासून दूर नेणे आणि पिंपळ मुळासकट काढणे. मृगाच्या आधी ही झाली तर पुढचा पावसाळा इमारत आरामात काढेल. यासाठी लागणारे कौलारू कारागीर तालुक्यात अजून आहेत, मी त्यांना ओळखतो.

नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना वेगळे पत्र देत आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत वारसा वास्तूंच्या जतनाची तरतूद आहे. गावाची अशी यादी करायला घ्यावी आणि बँकेची इमारत, तिच्या समोरचा जुना वाडा आणि घाटाची दगडी कमान यांचा विचार त्यात व्हावा. यादीत नाव आले म्हणजे बँकेचा हक्क गेला, असा समज करून घेऊ नये. दुरुस्ती आणि आतले बदल परवानगीने करता येतात.

उरलेले जुने दप्तर रद्दीला न देता अभिलेखागाराला दाखवावे, आणि एटीएमची केबिन हातभर बाजूला सरकवावी. केबिन सरकवायला ठरावही लागणार नाही.

शेवटची मागणी : या एकाच विषयासाठी विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी. विषय नोटिशीत स्पष्ट लिहावा, दोन्ही अहवाल आणि दोन्ही खर्च नोटिशीबरोबर द्यावेत, आणि मतदान हात वर करून नव्हे तर चिठ्ठीने घ्यावे. सभा दुपारी घ्या, पंगत ठेवू नका. सगळे ऐकून सभासदांनी बहुमताने 'पाडा' म्हटले तर मी ते मान्य करीन.

अधिनियमाच्या कलम ७६ प्रमाणे सभासदांनी लेखी मागणी केल्यास अशी सभा एका महिन्याच्या आत बोलवावी लागते. त्यासाठीच्या अर्जावर सह्या घेणे सुरू आहे. गेल्या रविवारी भाजी मंडईत, माळी गल्लीत आणि विणकर वस्तीत अर्ज फिरले. पोटनियमात सांगितलेली संख्या भरली की ते बँकेत दाखल करून आवक क्रमांक घेऊ. त्याआधी आपण होऊन सभा लावलीत तर अर्जांची गरज उरणार नाही, आणि आम्हालाही ते अधिक आवडेल.

कळावे,

आपला,
बँकेचा एक सभासद
(निवृत्त शाखा अभियंता, सार्वजनिक बांधकाम विभाग)

प्रत माहितीसाठी व योग्य कार्यवाहीसाठी :
जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था
मुख्याधिकारी, नगरपरिषद
बँकेचे सर्व सभासद